काजळीचा चौथा पाय

डेपोच्या बागेत येणाऱ्या प्रत्येकाला जयवंता आधी पायांतलं काढायला लावायची. फाटकाच्या आत, डाव्या हाताला, तिने जुन्या फळ्यांची एक मांडणी ठोकून घेतली होती. चपला, बूट, शाळेतल्या पोरांचे कॅनव्हासचे जोडे, सगळं तिथे ठेवायचं आणि अनवाणी आत जायचं. उन्हाळ्यात वाटेवर ती सकाळीच पाणी मारून ठेवी.

पहिल्या वर्षी हुडकेश्वरकडची एक म्हातारी नारळ, हळदकुंकू आणि उदबत्ती घेऊन आली होती. चपला काढून आत जायचं म्हणजे देव असणारच, असा तिचा सरळ विचार. घुबडाच्या पिंजऱ्यासमोर तिने पदर डोक्यावरून घेतला आणि काडेपेटी काढली.

"आजी, देऊळ नोहे हे," जयवंता म्हणाली.

"मंग चपला काहून काढाले लावतं वं?"

"चपलेचा आवाज होते. जनावर आंग चोरून बसते. तुमच्या घरी कोणी पाय आपटत आलं, तं तुम्ही तरी तोंड दाखवान का त्याले?"

म्हातारीने जरा विचार केला. "माह्या जावयाले नाही दाखवत," ती म्हणाली. नारळ तिने परत नेला नाही. तिथेच फोडून अर्धा माकडांना दिला आणि अर्धा जयवंताला.

बाग नागपूरबाहेर, वाडीच्या अलीकडे, अमरावती रोडला लागून होती. पूर्वी तिथे सागाच्या लाकडांचा डेपो होता. डेपो दुसरीकडे गेला, आवार उरलं, आणि त्या आवारात विहिरीत पडलेलं रोहीचं, म्हणजे नीलगाईचं, एक पिल्लू कुणीतरी आणून बांधलं. मग तारेत अडकलेली, सापळ्यात सापडलेली, रस्त्यावर ट्रकखाली येता येता वाचलेली जनावरं येत गेली. सारी इकडच्याच रानातली. त्यांतलं एकही धड नव्हतं. मोराला उडता येत नव्हतं, घोरपडीची शेपटी अर्धी होती, अस्वलाच्या नाकात दरवेश्याच्या दोरीचं भोक होतं. गोदामांतले हमाल बागेला ‘दवाखाना’ म्हणत. डेपोच्या जुन्या कचेरीत एक लांबट खोली होती, तिला निसर्ग दालन असं नाव दिलं होतं. तिथे शिंगं, कवट्या, पक्ष्यांची घरटी, वारुळाचा उभा काप आणि पेंढा भरलेली सात-आठ जनावरं होती.

जयवंता गजभिये इथे चौसष्ट साली झाडूकामाला लागली. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. नवरा लहानू वाडीच्या गोदामात हमाली करायचा आणि मागच्याच चाळीत त्यांची भाड्याची खोली होती. कामावर घेताना बागेचे अधिकारी आनंदराव देवईकर यांनी विचारलं, "जनावरांची भीती वाटते का?"

"नाही जी. पण एक सांगून ठेवतो. जित्या जनावराचं मी समदं करीन. हागलं-मुतलं काढीन, जखम धुवीन. मेलेलं ओढणार नाही."

देवईकरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्यांनी कारण विचारलं नाही. नागपुरात राहणाऱ्या माणसाला ते विचारावं लागत नव्हतं. छप्पन सालच्या त्या ऑक्टोबरात चौदा वर्षांची जयवंता पांढरं लुगडं नेसून बापाच्या शेजारी उभी होती. गावातलं मेलेलं ढोर ओढणं बापाने त्याच्याही आधी सोडलं होतं. त्यापायी मजुरी गेली, शेतातून जायची वाट बंद झाली, तरी त्याने तो दोर पुन्हा हातात घेतला नाही.

"मान्य," देवईकर म्हणाले.

दोन महिन्यांनी काजळी आली. कळमेश्वरच्या पुढच्या शिवारात डुकरासाठी लावलेल्या लोखंडी सापळ्यात तडसाचं एक पिल्लू सापडलं होतं. पुढचा डावा पाय गुडघ्यापासून गेला होता. डॉक्टरांनी उरलेलं नीट कापून शिवलं आणि जगण्याची खात्री नाही असं सांगून गेले. जयवंताने महिनाभर तिला कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं, मग खिम्याचं पाणी, मग हाडं. गळ्याखाली काळा पट्टा होता, म्हणून तिने नाव ठेवलं काजळी.

तडस बघायला कुणी हौसेने येत नसे. लोकांना वाघ पाहिजे असायचा. तडस म्हटलं की बाया लेकरं जवळ ओढायच्या, कारण ते माणसासारखं हसतं आणि पोरं पळवतं, असं सगळ्यांनी ऐकलेलं असे. जयवंता त्यांना दुपारी साडेचारपर्यंत थांबवून ठेवायची. साडेचारला ती बादलीवर तीन टिचक्या मारायची, आणि काजळी आपल्या गुहेतून बाहेर यायची.

ती सरळ येत नसे. पिंजऱ्याच्या कडेला सागाच्या फळ्या होत्या. डावा खांदा फळीला टेकवून ती कडेकडेने यायची, नेहमी एकाच दिशेने, भिंत डाव्या हाताला ठेवून. कोपरा आला की वळत नसे. आधी मागच्या पायांवर बसायची, बसल्या बसल्या अंग फिरवायची, आणि मग उठून पुढची भिंत धरायची. बादलीसमोर आली की उजव्या पायावर सगळा भार देऊन मान खाली लांबवायची आणि पाठीवरची आयाळ उभी करायची. तुटका पाय छातीशी घेतलेला असे, पदर सावरायला बाई हात वर घेते तसा.

"बाई, पाय कुठी गेला तिचा?" पोरं विचारायची.

"सापळ्यात."

"मग चालते कशी?"

"बोलू नको. पाह्य."

साडेबारा वर्षं हे असं चाललं. त्या वर्षांत जयवंताचे दोन मुलगे शाळेला लागले, ती स्वतः प्रौढवर्गात जाऊन पाट्या वाचायला शिकली, आणि तिचा झाडू दुसऱ्या बाईकडे गेला. आता ती जनावरांची राखणदार होती. पण दालनात मात्र तिने कधी पाऊल टाकलं नाही. "तिथी समदे मेलेले हायत," ती म्हणायची. "मी इथी बरी."

सत्त्याहत्तर सालच्या जानेवारीत एका सकाळी टिचक्या मारूनही काजळी उठली नाही. थंडी कडक पडली होती. दुपारी मेलेली जनावरं नेणारा माणूस दोर घेऊन आला.

"दोर नको," जयवंता म्हणाली. ती घरी गेली आणि आपली खाट घेऊन आली. काजळीला तिने दोन्ही हातांनी उचललं आणि खाटेवर निजवलं. खाटेचा एक खूर तिने धरला, एक शिपाई गोविंदाने, एक पेंढा भरणाऱ्या शालिकरामने. चौथ्या खुरापाशी कुणी नव्हतं. कचेरीच्या पायरीवरून देवईकर उतरून आले आणि त्यांनी तो धरला.

"साहेब, मी ओढणार नाही म्हटलं व्हतं," जयवंता म्हणाली. "हे ओढणं नोहे."

"माहीत आहे," देवईकर म्हणाले.

खाट नेली ती शालिकरामच्या कामाच्या खोलीत. दालनात तडस नव्हतं आणि मार्चमध्ये मुंबईहून खात्याचे मोठे अधिकारी दालन बघायला यायचे होते. काजळीत पेंढा भरायचं ठरलं. जयवंताला वाटलं, बरं झालं. मातीत जाण्यापेक्षा उभी तरी राहील.

शालिकराम मूळचा सुतार, इतवारीतला. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल ही त्याची खरी ओळख. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ध्या शहरातली लहान पोरं त्याने केलेले बैल दोरीने ओढत घरोघर जायची. त्याचा बैल लांबून ओळखू यायचा: मान ताठ, छाती पुढे, चारही पाय फळीवर चौकोनात रोवलेले, आणि फळीखाली चार चाकं. पेंढा भरायचं काम तो जबलपूरला एका म्हाताऱ्याकडे शिकला. कातडं कमवायला, शिवायला शिकला, डोळे बसवायला शिकला. फक्त उभं कसं राहायचं हे त्याला आधीच येत होतं. त्यामुळे दालनातलं चितळ बैलासारखं उभं होतं, कोल्हा बैलासारखा उभा होता, आणि रानमांजरसुद्धा मान ताठ करून पोळ्याला निघाल्यासारखं दिसायचं. एका पोराने एकदा त्याला विचारलं होतं, "काका, याले चाकं काहून नाही लावले?" शालिकराम रागावला नाही. जनावराची शान अशीच असते, असं त्याने त्या पोराला समजावून सांगितलं.

तीन आठवड्यांनी जयवंता डबा पोचवायला त्याच्या खोलीच्या दारात गेली आणि थांबली. आत काजळीचा सांगाडा उभा होता, लाकूड, तार आणि गवताचा. चार पायांवर. मान ताठ.

"ये वं, पाह्य," शालिकराम खुशीत म्हणाला. त्याने फडक्यातून एक लाकडी पंजा काढून दाखवला. चार बोटं, नखं, तळव्याची गादी, सारं हुबेहूब कोरलेलं. "सागाचा हाय. आठ दिवस लागले. वरून कोल्ह्याच्या जुन्या कातड्याचा तुकडा रंगवून शिवतो. देवालेही कळणार नाही कोणता पाय माहा अन् कोणता त्याचा."

जयवंताने पंजा हातात घेतला. काम सुंदर होतं, हे तिला दिसत होतं.

"हे कोण व्हय, भाऊ?" तिने सांगाड्याकडे बोट करून विचारलं.

"म्हणजे? तुही काजळी."

"माही काजळी तीन पायांची व्हती."

"मेल्यावर तरी धड होऊ दे ना तिले."

"जिती असताना ते धडच व्हती," जयवंता म्हणाली. पंजा तिने टेबलावर ठेवला आणि सरळ कचेरीत गेली.

देवईकरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, आणि त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. "जयवंताबाई, दालनात आपण जात दाखवतो, एकटं जनावर दाखवत नाही. पोरांना तडस म्हणजे काय ते कळलं पाहिजे. तीन पायांचं ठेवलं तर एखादं पोर घरी जाऊन सांगेल, तडसाला तीन पाय असतात."

"चितळाचं बैल करून ठेवलं, ते पाहून पोट्टे काय सांगत असतीन?"

देवईकरांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत लपवलं. "मुंबईचे लोक येणार आहेत. नमुना अपुरा का, असं विचारलं तर मी काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू. मले बोलवा. पण त्याच्या आधी एक डाव पिंजऱ्यात चला. तुम्ही अन् शालिकरामभाऊ, दोघंही."

"उद्या जाऊ."

"उद्या तिथी मुरूम पडणार हाय जी. नव्या बिबट्यासाठी. मंग पाहाले काही राहणार नाही."

मुरमाची बैलगाडी खरं तर तेव्हाच फाटकाशी येऊन उभी होती. जयवंताने गाडीवानाला बैल सोडून सावलीत बसायला सांगितलं आणि पिंजऱ्याच्या दारात जाऊन ती उभी राहिली. शालिकराम हात पुसत आला. मागून देवईकर आले. त्यांच्या बुटांचा आवाज लांबून ऐकू येत होता. बागेत चपला न काढणारा तो एकच माणूस होता आणि बारा वर्षांत जयवंताने त्यांना कधी हटकलं नव्हतं.

"जोडे, साहेब," ती आता म्हणाली.

"आत तर जनावर नाही आता."

"तिची वाट हाय. मोडन."

देवईकरांनी वाकून नाड्या सोडल्या. मोजे काढून बुटांत घातले.

आत जमीन कडेकडेने झिजलेली होती. साडेबारा वर्षं एकाच दिशेने, एकाच चालीने चालून तिथे वाट पडली होती, आणि वाटेत खळगे. उजव्या पायाचे खळगे खोल, वाटीएवढे. मागच्या दोन पायांचे उथळ. डाव्या पुढच्या पायाच्या जागी जमीन सपाट होती, गवताची दोन पाती उगवलेली. कोपऱ्यात, जिथे ती बसून अंग फिरवायची, तिथे परात ठेवावी असा गोल खड्डा होता. आणि फळीवर, गुडघ्याच्या जरा वर, एक काळी तुकतुकीत पट्टी चारही बाजूंनी गेली होती. सागाच्या भेगांत तिचे केस अडकलेले होते.

शालिकरामने वाकून एका खळग्यात बोटं घालून पाहिली. मग त्याने खिशातून सुतळी काढली. उजव्या खळग्यापासून मागच्या खळग्यापर्यंत मापलं, गाठ मारली. खळग्यापासून फळीवरच्या पट्टीपर्यंत मापलं, गाठ मारली. तिसऱ्यांदा मापून पाहिलं. पन्नाशी ओलांडलेला तो माणूस मग गुडघ्यांवर बसला, उजवा हात त्या खोल खळग्यात रोवला, डावं कोपर छातीशी घेतलं, आणि खांदा फळीच्या काळ्या पट्टीला टेकवला. त्याची मान आपोआप खाली गेली.

मग त्याने डावा हात जमिनीला टेकवून पाहिला. खांदा फळीपासून सुटला.

"बसत नाही," तो म्हणाला.

"काय बसत नाही?" देवईकरांनी विचारलं.

"साहेब, तिच्या डाव्या खांद्यावर तळहाताएवढं टक्कल हाय. मले वाटलं, खरूज असन. मी रंग लावून झाकणार व्हतो." शालिकराम उठला, गुडघे झटकले. "अन् उजव्या बाजूचं कातडं ताणलं तरी सांगाड्यावर सैल पडते, डावीकडं पुरत नाही. आठ दिवस झाले, माह्याच हाताचा दोष समजून राहिलो. दोष माहा नाही. हे जनावरच असं वाढलं हाय."

"मग?"

"सांगाडा मोडतो. पुन्हा करतो."

"दिवस किती आहेत माहीत आहे ना?"

"करतो म्हटलं ना जी." मग जयवंताकडे वळून तो म्हणाला, "पहिले काहून नाही सांगितलं वं? इतका पंजा कोरला मी."

"पहिले विचारलं व्हतं का तुम्ही, कशी उभी राहत व्हती म्हणून?"

देवईकर अजून वाटेकडेच पाहत होते. त्यांनी आपलं अनवाणी पाऊल एका खळग्याच्या शेजारी ठेवून पाहिलं, आत नाही ठेवलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तीन पाय. पण माझीही एक अट. पोरं विचारतील, पाहुणे विचारतील. दर रविवारी दोन तास तुम्ही दालनात उभं राहायचं. बाहेर सांगता तसं आत सांगायचं. ते होणार नसेल, तर चौथा पाय लावू."

जयवंताने दालनाच्या दाराकडे पाहिलं. साडेबारा वर्षं ती त्या दारापर्यंत जाऊन परत फिरली होती.

"उभी राहतो," ती म्हणाली. "पाटी पण मी सांगतो तशी लिहा. वर तडस लिहा. खाली काजळी लिहा. पाय सापळ्यात गेला, साडेबारा वर्षं तीन पायांवर चालली, लिहा."

"आणखी काही?"

"नाही. बाकीचं मी सांगीन."

मुरूम टाकण्याआधी शालिकरामने पिंजऱ्यातली एक फळी काढून घेतली, काळ्या पट्टीसकट.

मार्चमध्ये मुंबईचे अधिकारी आले, तिघे जण. त्यांचे जोडेही मांडणीवर गेले, कारण देवईकरांनी सगळ्यांच्या आधी आपले काढले. दालनात काजळी फळीला खांदा लावून उभी होती, मान खाली लांबवून, आयाळ उभी. डाव्या खांद्यावरचं टक्कल तसंच ठेवलं होतं. पाहुण्यांतला एक जण वाकून बराच वेळ पाहत राहिला, मग त्याने विचारलं की हा पाय असा का. देवईकर बाजूला झाले आणि जयवंता पुढे आली. सापळा कोणत्या शिवारात होता इथपासून तिने सुरुवात केली. तिचं सांगून होईपर्यंत पाहुण्यांचा चहा थंड झाला आणि गोविंदाला तो पुन्हा करावा लागला.

सागाचा पंजा वाया गेला नाही. तिकिटांच्या टेबलावर तिकीटपुस्तक वाऱ्याने फडफडायचं, त्यावर तो ठेवला. येणारे जाणारे तो उचलून पाहत आणि शालिकरामचं कौतुक करत. त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला त्याने एक बैल मान वळवलेला आणि एक पाय किंचित उचललेला केला. तो खपला नाही. शालिकरामने तो घरी ठेवून घेतला आणि पुढच्या वर्षी पुन्हा तसाच एक केला.

पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी कळमन्याच्या शाळेची पोरं आली. चाळीसेक जोडे मांडणीवर मावेनात, तेव्हा काही खाली ओळीने लागले. दालनात पोरं आधी वारुळाकडे धावली, मग कवट्यांकडे, आणि शेवटी काजळीपाशी येऊन थबकली. दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने पाटी वाचली, मग खाली वाकून पाहिलं.

"बाई, फळीवर हे काळं काय हाय?"

"हात लाव."

मुलीने बोट फिरवलं. लाकूड काचेसारखं गुळगुळीत होतं. "हे तिनं केलं?"

"रोज थोडं थोडं."

मुलगी दालनाच्या भिंतीपाशी गेली, डावा हात मुडपून छातीशी घेतला, खाली वाकली आणि खांदा भिंतीला लावून चालू लागली. दुसऱ्या मुली हसल्या, आणि हसता हसता तिच्या मागे लागल्या. मग मुलगे. मास्तरांनी ओरडायला तोंड उघडलं, पण जयवंताने त्यांना हाताने थांबवलं. अनवाणी पायांचा आवाज जवळजवळ येतच नव्हता.

पुढची मुलगी कोपऱ्याशी पोचली आणि भेलकांडली.

"तसं नाही," जयवंता म्हणाली, आणि पदर खोचून तिच्याजवळ गेली. "कोपरा आला का वळायचं नाही. पहिले बसायचं."